दोन तोंडांची थैली

भर बाजारात, भर दुपारी, एक म्हातारा माणूस माझ्या दुकानातल्या झोपायच्या थैलीत गळ्यापर्यंत शिरला, डोळे मिटून घेतले आणि बायकोला म्हणाला, "कौसे, हाण लाथ."

तिनं हाणली.

"जोरात हाण. जेवली नाई काय?"

तिनं लुगडं सावरलं, पाय मागं घेतला आणि अशी हाणली की शेजारच्या मिरचीवाल्याचा ढीग कोसळला.

"नाई पोचत," म्हातारा थैलीतून बाहेर सरपटत म्हणाला. "लय जाड हाय. दुसरी दाखव, भाई."

दौलतबुवाची आणि माझी ओळख झाली ती अशी, मुकुटबनच्या बाजारात.

मी वाढवून सांगणारा माणूस आहे. यवतमाळपासून पैनगंगेपर्यंत कोणालाही विचारा. धंदाच तसा. जुनी जाकिटं, कानटोप्या, घोंगड्या आणि दिल्लीकडून गाठोड्यांत बांधून येणाऱ्या झोपायच्या थैल्या टेम्पोत भरायच्या आणि थंडीभर बाजार करायचे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटून माणसाबरोबर घरी मुक्कामाला येतं, तिथं गरम कपडे विकायचे म्हणजे नुसता माल गरम असून भागत नाही, जीभही गरम लागते. माझ्या प्रत्येक थैलीला एक इतिहास होता. एकीत म्हणे एक कर्नलसाहेब बर्फाखाली गाडले गेले होते. उकरून काढलं तर साहेब घामाघूम, आणि पहिला शब्द काय, तर पंखा लावा. दुसरीत एका अस्वलानं अख्खा हिवाळा काढला होता आणि परत करताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गिऱ्हाईक हसायचं, आणि हसणारा माणूस खिशात हात घालतो, हा माझा अनुभव.

पण दौलतबुवाला माझ्या कर्नलाशी आणि अस्वलाशी काही देणंघेणं नव्हतं. मी इतिहास सांगत होतो आणि तो थैल्यांची जाडी चिमटीत धरून पाहत होता.

ती कापसाच्या हलाखीची वर्षं. घराघरांत कापूस आढ्याला टेकलेला. न्यावा तर भाव नाही, ठेवावा तर अंगाला खाज. माणसं ओसरीवर झोपत आणि घरात कापूस झोपे. मग लोकांनी कापूस कमी करून हरभरा पेरला, आणि तिथं नवीनच गंमत झाली. रानडुकराला कापसाचं सुखदुःख नसतं, पण हरभऱ्यावर त्याचा फार जीव. जंगलालगतच्या वावरांत डुकरांनी हरभरा एकदा चाखला आणि नदीपलीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांनाही आवतण धाडलं. कळप येई आणि सकाळी पाहावं तर वावर नांगरल्यासारखं उकरलेलं. म्हणून जागल आली. जागल म्हणजे रात्रभर वावरात राहून पीक राखायचं, ओरडायचं, डबे बडवायचे. घरची जवान पोरं कामधंद्याला शहराकडे निघून गेलेली, तेव्हा जागलीला माणूस ठेवावा लागे.

त्यामुळेच माझ्या थैल्या खपू लागल्या. घेणारे जागल्ये असत. काही जण तितरासशांच्या मागं रानात मुक्काम करणारे असत. तेही जागल्ये आहोत म्हणून सांगत आणि मीही मान डोलवत असे. हे सगळे थैली निवडताना ऊब पाहत, चेन ओढून पाहत, टोपीत डोकं मावतं का पाहत. दौलतबुवा एकटाच असा, जो लाथ पोचते का पाहत होता.

एव्हाना सगळा बाजार भोवती जमला होता. "मावशी, आमच्या घरी नोको शिकवू हे!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "भाई, ज्या थैलीतून लाथ लागत नाई ते मले दे. घरी कामी पडीन." कौसाबाई मान खाली घालून हसत होती आणि नवऱ्यानं "हाण" म्हटलं की हाणत होती. त्यानं माझ्याकडच्या सगळ्या थैल्या पालथ्या घातल्या. शेवटी निष्पन्न एवढंच झालं की जी थैली थंडी अडवी ती लाथही अडवी, आणि जी लाथ पोचू देई ती थंडीही पोचू देई. लाथ नीट पोचली फक्त एकीतून. ती इतकी पातळ होती की मी स्वतः तिला छत्रीचं कापड म्हणून विकायच्या विचारात होतो.

तेवढ्यात रस्त्यावर एका ट्रकचा टायर फुटला. आवाज असा, की मिरचीवाला स्वतःच्याच मिरच्यांत बसला, बैल दावी तोडून उभे राहिले आणि मी, खोटं सांगत नाही, कर्नलसाहेबांच्या थैलीत अर्धा शिरलो.

दौलतबुवा शिवण पाहत होता. पापणीसुद्धा हलली नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. मग कौसाबाईकडे. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिचं हसू गेलं होतं. गर्दी ट्रककडे पांगली तशी ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाई, तुह्या पाया पडतो. कोनाले सांगू नोको."

मग मला सगळं समजलं. दौलतबुवा जवानीपासून एका जिनिंगमध्ये होता, सरकी वेगळी करायच्या यंत्रांपाशी. त्या यंत्रांचा आवाज असा की शेजारचा माणूस मेला तरी त्याचं तोंड पाहूनच कळावं. त्या आवाजानं त्याचे कान हळूहळू खाल्ले. मग कापसाचं चाक थांबलं, जिनिंगला कुलूप लागलं, कामगारांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. ज्या आवाजानं कान नेले तो बंद झाला तेव्हा त्याला तेही ऐकू आलं नाही. पट्टे फिरायचे थांबलेले डोळ्यांनी पाहिले तेव्हा कळलं. नंतर मुकुटबनपासून थोड्या अंतरावरच्या वामनराव नावाच्या शेतकऱ्यानं त्याला जागलीला ठेवलं. वावरातच राहायला एक टिनाची खोली दिली.

"त्याले जागल कशी जमते मंग?" मी विचारलं.

"कान मी, दम तो," कौसाबाई म्हणाली. "डुक्कर आलं का मले ऐकू येते. मी लाथ हाणतो. तो उठून ओरडते. त्याची हाळी आयकली का डुक्कर नदीपार. पन यंदा थंडी लय हाय, भाई. गोदडीवर गोदडी घेतली तं लाथ त्याले समजत नाई, अन् नाई घेतली तं सकाळी दोघंबी आकडून जातो. वामनरावाले समजलं का हा बहिरा हाय, तं जागल गेली. जागल गेली का खोली गेली. मंग आमी दोघं कुठं जावं?"

दौलतबुवा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होता. आपल्याविषयी चाललं आहे हे त्यानं ओळखलं, आणि चारचौघांत तो नेहमी करायचा तेच केलं. मोठ्यानं बोलू लागला. ही त्याची युक्ती होती. समोरचा प्रश्न विचारायच्या आत तो स्वतःच सुरू व्हायचा, डुकरं, पाऊस, सरकी, पुढारी, वांग्याचा भाव, आणि दुसऱ्याला श्वास घ्यायलाही जागा ठेवायचा नाही. सगळ्या तालुक्यात त्याची ख्याती होती की दौलतबुवा कोणाचं ऐकून घेत नाही. ती किती खरी आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक. आणि तो बोलत असताना कौसाबाई मागं उभी राहून त्याच्या सदऱ्याचं टोक धरून असे. एकदा ओढलं की थांब. दोनदा ओढलं की मागं कोणी हाक मारतंय. लगाम धरल्यासारखी ती त्याला अख्ख्या बाजारातून हाकत नेई.

थैलीचा तोडगा तिनंच काढला. "भाई, दोन थैल्या पायाकडून उसवून एकमेकीले जोडल्या तं?"

मी दाभण काढलं. तळाची शिवण उसवली, दोन्हींची तोंडं विरुद्ध बाजूंना ठेवली आणि पायाशी पाय जोडून एकच लांब थैली केली. एका टोकाला त्याचं डोकं, दुसऱ्या टोकाला तिचं, मधे बोगद्यात चार पाय. ऊब दोघांना पुरी आणि लाथेला आडकाठी नाही. शिवून झाल्यावर दोघं बाजारातच तिच्यात शिरून आडवी झाली. कौसाबाईनं आतून काय केलं ते दिसलं नाही, पण दौलतबुवा थैलीसकट उडून बसला आणि ओरडला, "पोचली! भाई, बराबर पोचली!" त्याचे डोळे असे चमकत होते, की नवीन लग्न झालेल्या माणसाचे काय चमकतील.

"हे तं मांडूळ झालं," मिरचीवाला म्हणाला. दोन तोंडांचा म्हणून ज्याची ख्याती आहे त्या बिचाऱ्या सापाच्या मागं तेव्हा अर्धा जिल्हा पिशव्या घेऊन फिरत होता. नाव चिकटलं. "मांडूळ घेऊन जाऊन राह्यलो," दौलतबुवा वाटेत भेटेल त्याला सांगत गेला आणि दोन-चार माणसं खरोखरच लालची तोंडं करून त्याच्या मागं गेली.

पुढच्या बाजारी तो आला तो सरदारासारखा. नाकावर खरचटलेलं, कपाळावर टेंगूळ, आणि आवाज नेहमीपेक्षा दुप्पट.

"भाई, झालं काय, तं कळप आला. पंचवीस-तीस डुक्कर!"

"आठ होते," मागून कौसाबाई.

"एकेक म्हशीएवढं! बुढीनं लाथ हाणली. मी उठलो, चेन ओढतो तं चेन अटकली! तिकडे हिचीबी अटकली! मी उठलो गावाकडे तोंड करून, हे उठली जंगलाकडे तोंड करून. मी म्हनतो इकडे, हे म्हनते तिकडे. मंग पडलो आमी, अन् लोळत गेलो. उतार हाय ना तिथं!"

थैलीत अडकलेली दोन माणसं, पायाशी जोडलेली, उतारावरून गडगडत कळपात घुसली. एका टोकाला दौलतबुवाची हाळी आणि दुसऱ्या टोकाला कौसाबाईच्या शिव्या. डुकरांनी जन्मात असलं जनावर पाहिलं नव्हतं. लांब, जाड, दोन्हीकडून ओरडणारं आणि कुठल्या बाजूनं पळावं ते कळू न देणारं. कळपातलं सर्वांत मोठं डुक्कर म्हणे जागीच बसलं आणि त्यानं पुढचे पाय जोडले. हे शेवटचं दौलतबुवानं सांगितलं नाही. ते मी नंतर जोडलं, आणि नेरच्या बाजारापर्यंत पोचवलं.

सकाळी वामनराव आले तेव्हा हरभऱ्यात रोलर फिरवल्यासारखा पट्टा पडलेला. आधी चिडले. पण पुढं कित्येक दिवस डुक्कर त्या शिवारात फिरकलं नाही, तेव्हा स्वतःच सगळ्यांना नेऊन तो पट्टा दाखवू लागले. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनीही आपली वावरं दौलतबुवाकडे दिली. राखायला जागा वाढली, नाला ओलांडून जाणं आलं, पण खोलीत आता जवारी जास्त येऊ लागली. कौसाबाईनं मला एक पायली हरभरा आणून दिला. घेत नव्हतो, तर म्हणाली, "ठेव भाई. तुह्या दाभनाचा हाय."

नावाबरोबर लोकांच्या नजराही येतात माणसाच्या मागं. वामनराव एका बाजारी कानटोपी घ्यायला आले. टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली आणि दुसरीकडेच पाहत म्हणाले, "भाई, खरं सांगजो. बुढ्याले ऐकू येते का?"

माझी सगळी हयात ज्या कामासाठी गेली त्याची परीक्षा ती हीच. "ऐकू येते का?" मी छातीवर हात ठेवला. "वामनराव, मागच्या बाजारी हितंच उभा होता बुढा. एकदम म्हणे, भाई, घाटंजीले कोनीतरी पापड मोडला. मी म्हटलं भाजलेला का तळलेला? थोडा वेळ आयकून म्हणे, भाजलेला."

वामनराव हसले नाहीत. "मस्करी नोको, भाई. माह्या घरात मागच्या सालचा कापूस तसाच पडून हाय. पोरं त्याच्यावर लोळून लोळून खाजवून राह्यले. यंदा घरात येनार तं हे एक हरभरा. बुढा मानूस चांगला, मलेबी समजते. पन बहिरा जागल्या मले कसा परवडीन? उद्या हरभरा गेला तं मी त्याले खोली खाली करायले सांगीन. मले दुसरा रस्ता नाई."

त्यांच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, रागाला मी पुरून उरलो असतो.

इतक्यात समोरून दौलतबुवा येताना दिसला. आमच्याकडे पाठ करून तो कांदेवाल्याशी बोलत, म्हणजे कांदेवाल्याला बोलू न देता, उभा राहिला. वामनरावांनी तिथूनच हाक मारली. मोठी नाही, बेताची. "दौलतबुवा!"

कौसाबाई त्याच्यापासून हातभर लांब होती, कांदे निवडत. तिचा हात कांद्यातून निघाला आणि सदऱ्याच्या टोकावर गेला. एकदा. दोनदा.

दौलतबुवा गर्रकन वळला. बाजारभर नजर फिरवली, वामनराव दिसले आणि कडाडला, "राम राम मालक! तुमचा आवाज तं मी हजार मानसांत वयखतो!"

वामनराव माझ्याकडे पाहून ओशाळं हसले. टोपी घेऊन गेले. कौसाबाईच्या हातातला कांदा मात्र तिनं इतका आवळला होता, की कांदेवाला म्हणाला, "मावशी, हा आता तुलेच घ्या लागते."

तो हिवाळा निघाला.

पुढच्या हिवाळ्यात पहिल्या बाजारी ती दोघं आली तेव्हा सदऱ्याचं टोक धरलेल्या तिच्या हाताचं काम बदललेलं मला दिसलं. आता ती त्याला हाकत नव्हती, त्याला धरून चालत होती. दहा पावलांवर थांबायची. खोकला सुरू झाला की संपायचाच नाही. दौलतबुवा बोलतच असायचा, पण आता दर वाक्यानंतर मागं वळून तिच्या तोंडाकडे पाहायचा.

"थैली आनली, भाई," ती टेम्पोच्या पायरीवर बसत म्हणाली. "पायाकडचा कापूस काढून टाक."

"कावून? थंडी वाढून राह्यली, मावशी. आनखी भरून देतो ना."

"माह्या लाथेत जोर नाई राह्यला," ती म्हणाली. इतक्या सहज, की मीठ संपलंय म्हणून सांगावं. "जोडाच्या जागी कापूस गोया झाला हाय. लाथ मारतो तं त्याच्यातच गुतते. काल दोनदा हाणली, हा उठलाच नाई. डुक्कर नाल्यापाशी येऊन गेले. नशीब म्हना, आत नाई आले."

"मंग पायाले थंडी वाजन."

"वाजन तं वाजन."

मी तिला दवाखान्यात जा म्हणालो. माझ्या टेम्पोतून नेतो म्हणालो. तिनं दौलतबुवाकडे पाहिलं. तो टेम्पोच्या बॉनेटवर तळहात टेकून इंजिनाची थरथर अजमावत उभा होता, ही त्याची जिनिंगमधली सवय. "हरभऱ्याले आता घाटे धरून राह्यले," ती म्हणाली. "मी गेलो अन् त्याच रात्री कळप आला तं? सोंगनी होऊ दे. मंग जाईन."

बोलायला मी काही कमी नाही, पण तिच्यापुढे माझं चाललं नाही. दाभणानं शिवण उसवली आणि जोडाच्या जागचा कापूस मुठीमुठीनं बाहेर काढला. नंतर तिथं नुसतं कापड उरलं. त्या साली थंडी अशी पडली की लोक चुलीतला जाळ चिमट्यानं उचलून शेजाऱ्याला देत, असं मी सांगत असे. पण त्या कापडापाशी बोट लावून पाहिलं तेव्हा मला त्यात काही वाढवायचं सुचलं नाही.

सोंगणीपर्यंत ती थांबली नाही. वामनरावांनीच तिला बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून यवतमाळच्या दवाखान्यात पोचवलं. मधला एक बाजार दौलतबुवा आला नाही. त्याच्या पुढच्याला आला.

पाठीमागं कोणी नव्हतं. सदऱ्याचं टोक मोकळं लोंबत होतं. मी राम राम केला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. मी पुढं वाकलो. तो हळू बोलत होता. ज्या माणसाच्या आवाजानं डुकरं नदीपार जात, तो ओठांतल्या ओठांत बोलत होता. आपला आवाज मोठा येतोय की लहान, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं तो पार खाली घेऊन ठेवला होता.

"बुढी गेली, भाई. दवाखान्यात गेली ते वापस नाई आली."

थैली त्यानं खांद्यावरून उतरवली. "हे मधून तोडून दे. माह्याकडचं तोंड राहू दे. अन् पायाकडे शिवशीन ना, तं येवढं भोक ठेव." अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यानं रुपयाएवढं भोक दाखवलं.

"कायले?" मी हातानं विचारलं.

त्यानं खिशातून सुतळीचा गुंडा काढला. मग चप्पल काढून पायाचा अंगठा दाखवला. वावराभोवती तार आहे. तारेला सुतळी, सुतळी अंगठ्याला. डुक्कर तारेला घासलं की अंगठा ओढला जाईल. अंगठा थैलीबाहेर पाहिजे म्हणून भोक. हे सगळं त्यानं मला समजावून सांगितलं, पुन्हा पुन्हा, मी अडाणी असल्यासारखं. आणि म्हणाला, "वामनरावाले सांगतलं हाय, हंगाम काढून देतो. हंगाम निघाला का खोली राह्यते. तिचं समदं सामान त्या खोलीत हाय, भाई."

मी म्हणालो, सोडा ते. माझ्याबरोबर टेम्पोत चला. गाठोडी उतरवा, दोन घास खा, माझ्या घरी राहा. बोटं दाखवून, हात जोडून, टेम्पोचं दार उघडून म्हणालो. तो सगळा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला कळलं. नक्की कळलं. पण नको असलेलं न ऐकायची सोय त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या कामी आली. त्यानं नजर खाली वळवून थैलीवर बोट ठेवलं. "इथंच ठेवजो भोक. मधात."

मी थैली कापली. तिच्याकडची अर्धी थैली त्यानं घडी करून काखेत घेतली.

त्याला शेवटचं पाहिलं ते पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी. मुकुटबनला जाताना वाट वामनरावांच्या वावरावरून जाते. धुई अजून पुरती उठली नव्हती. बांधावरच्या पळसाखाली वामनराव उकिडवे बसलेले दिसले, म्हणून मी टेम्पो थांबवून खाली उतरलो.

"काय झालं?"

त्यांनी नुसती मान वळवली. वावर उकरून पडलं होतं. नाल्याकडच्या कोपऱ्यात तार आधीच केव्हातरी पडलेली असावी. कळप तिथून निवांत आत आला होता आणि तारेला न शिवता अख्खा हरभरा खाऊन, लोळून, निवांत परत गेला होता. उपटलेल्या झाडांची मुळं वर, माती जागोजाग काळीभोर. आणि मधोमध, थोड्या उंचवट्यावर, माझी थैली. तोंडाकडून पांढरे केस दिसत होते. पायाकडून एक अंगठा बाहेर आलेला, गारठ्यानं जांभळा पडलेला, त्याला सुतळी, आणि सुतळी सरळ समोरच्या तारेपर्यंत ताणून बांधलेली.

"हाक मारली नाई तुमी?" मी म्हणालो.

"हाक मारून काय फायदा?" वामनराव म्हणाले. "मले समजलं होतं, भाई. बुढी गेली त्या दिवशी. मी मयतीले गेलो, मागून त्याले हाक मारली. तो वळला नाई. सदरा ओढायले कोनी नव्हतं. मी कोनाले बोललो नाई. म्हटलं, हंगाम काढू दे."

"मंग आता?"

"आता काय," ते म्हणाले. "सुतळी ओढून उठवावं म्हणून दोनदा तारेपाशी गेलो. हात लागत नाई माहा."

तेवढ्यात सातभाई पक्षी आले. ते कधी गुपचूप येत नाहीत. बाभळीतून अख्खी टोळी कलकलाट करत खाली उतरली, असा गोंगाट की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. थैली हलली नाही. मग त्यांतले चार-पाच एकदम तारेवर बसले आणि भांडू लागले. तार झुलली. सुतळी ओढली गेली.

दौलतबुवा थैलीतून उसळून उभा राहिला. काठी त्याच्या हातातच होती. "हाऽऽऽ! हुर्र्र्! हाऽऽऽ!" त्याचा तो जुना आवाज सबंध शिवारात घुमला आणि सातभाई भुर्र उडाले. अंगठ्याला सुतळी तशीच, एक पाय थैलीत, एक बाहेर, तो तारेकडे धावला, काठी आपटली, जंगलाकडे तोंड करून पुन्हा ओरडला. समोर कोणी नव्हतं. तो वळला.

मग त्यानं खाली पाहिलं.

वामनराव पटकन पळसाच्या बुंध्याआड सरकले आणि माझाही हात धरून मला ओढलं. दौलतबुवानं काठी जमिनीवर ठेवली. गुडघ्यांवर बसला. उपटलेलं एक झाड उचललं, मुळाला लागलेली माती झटकली, बोटानं खड्डा केला आणि ते त्यात उभं केलं. तळहातानं भोवतीची माती दाबली. झाड कललं. त्यानं पुन्हा सरळ केलं, पुन्हा दाबली.

"चला, भाई," वामनराव कुजबुजले. "खोलीचं उद्या सांगतो त्याले."

त्यानं दुसरं झाड उचललं होतं.